पोर्ट ब्लेअरला जावे की तेवढ्याच पैशांत परदेशी जावे?

टिपकागद
नमस्कार. येत्या जानेवारीत आम्ही पाच जण, म्हणजे मी, पत्नी, चौदा वर्षांची मुलगी आणि माझे आईवडील, आठ दिवसांच्या सहलीचा विचार करत आहोत. वडिलांनी त्र्याहत्तरी ओलांडली आहे आणि सेल्युलर जेल एकदा तरी पाहायचे, ही त्यांची फार जुनी इच्छा आहे. मुलीचे म्हणणे असे की, वर्गातल्या निम्म्या मुलींच्या पासपोर्टवर शिक्के आहेत आणि तिचा पासपोर्ट अजून कोरा आहे, तेव्हा थायलंडमधल्या फुकेतला जावे.

दोन्हीकडचा हिशेब कागदावर मांडला. विमान, बोटी, हॉटेल आणि गाड्या धरून अंदमानचा आकडा फुकेतपेक्षा जेमतेम कमी निघाला, त्यामुळे खर्चाच्या जोरावर वाद मिटवण्याची सोयही राहिली नाही. म्हणून दोन प्रश्न विचारतो. पोर्ट ब्लेअर शहरात दोन-तीन दिवस रमण्यासारखे खरोखर काही आहे का, की ते केवळ हॅवलॉक बेटाकडे जाणाऱ्या बोटीचा थांबा आहे? आणि एवढा खर्च करायचाच असेल तर तो देशात करावा की बाहेर? माझा कल अंदमानकडे आहे, पण तो वडिलांमुळे आहे की ठिकाणामुळे, हे मलाच नीट सांगता येत नाही.

खडीसाखर
मुलीला नकाशा दाखवा. पोर्ट ब्लेअरपासून चेन्नई सरळ रेषेत सुमारे साडेतेराशे किलोमीटर आहे आणि फुकेत साधारण सव्वासातशे. शिक्का मिळणार नाही, परंतु परदेशाच्या इतक्या जवळ जाऊन परत आल्याचे समाधान निश्चित मिळेल.

दर्यावर्दी
आम्ही दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत गेलो होतो आणि मुद्दाम तीन मुक्काम शहरातच ठेवले होते. बहुतेक सहलींत पहिल्या दिवशी दुपारी उतरायचे, संध्याकाळी जेल आणि तिथला ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम उरकायचा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे फिनिक्स बेच्या धक्क्यावरून बोट पकडायची, असा क्रम असतो. त्या क्रमात शहर पाहिले असे म्हणता येते, इतकेच.

जेल सकाळी, गर्दी होण्याआधी पाहावे. १८९६ ते १९०६ या काळात ते बांधले गेले. मधल्या मनोऱ्याला चाकाच्या आऱ्यांसारख्या सात तिमजली इमारती जोडलेल्या होत्या, त्यांपैकी आज तीनच उभ्या आहेत. प्रत्येक इमारतीचे तोंड शेजारच्या इमारतीच्या पाठीकडे आहे, त्यामुळे कैद्याला समोर फक्त भिंत दिसे, दुसऱ्या कैद्याचा चेहरा कधीही दिसत नसे. कोठडी सुमारे साडेतेरा फूट लांब आणि सात फूट रुंद, आणि झरोका जवळजवळ दहा फूट उंचीवर. हे आकडे मी जाण्यापूर्वी कितीतरी वेळा वाचले होते, पण मला धक्का बसला तो दाराच्या कडीमुळे. कडीचा दांडा भिंतीत कोरलेल्या खोबणीत इतका दूर नेऊन अडकवलेला आहे की, गजांतून हात बाहेर काढला तरी तो तिथवर पोहोचू नये. कोणीतरी मानवी हाताची लांबी मोजून ती खोबण ठरवली असणार, हा विचार माझ्या डोक्यातून तो सबंध दिवस गेला नाही.

दुसरा दिवस रॉस बेटासाठी ठेवा, ज्याला २०१८ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप म्हणतात. १८५८ नंतर इंग्रजांचा सगळा कारभार या चिमुकल्या बेटावरून चाले. चर्च, बेकरी, नाचघर, टेनिसचे मैदान, सगळे तिथे होते. १९४१ चा भूकंप आणि पुढच्याच वर्षी आलेले जपानी यांमुळे ते ओस पडले आणि आज त्या भिंती वडापिंपळाच्या जातीच्या झाडांच्या मुळांनी आवळून धरल्या आहेत. हरणे माणसांना अजिबात बुजत नाहीत. समोरच्या किनाऱ्यावर कैदी खडी फोडत असताना इकडे संध्याकाळी बॅंड वाजत असे, ही गोष्ट त्या दोन ठिकाणांच्या मधले पाणी किती अरुंद आहे हे पाहिल्यावरच समजते.

वळसा
दर्यावर्दी यांचा प्रतिसाद सुंदर आहे, पण मी विरुद्ध बाजू मांडतो, कारण एकच बाजू ऐकून कोणी पाच माणसांची तिकिटे काढू नयेत. शहर म्हणून पोर्ट ब्लेअर मला अगदी सामान्य वाटले. अबर्डीन बाजार हा कोणत्याही तालुक्याच्या गावातल्या बाजारासारखाच आहे. कॉर्बिन्स कोव्हची पुळण बरी आहे, तीवर एक संध्याकाळ पुरते. मुख्य तक्रार अनिश्चिततेची आहे. आमची परतीची बोट हवामानामुळे रद्द झाली, धक्क्यावर साडेतीन तास नीट उत्तर मिळाले नाही, आणि एक आरक्षित मुक्काम वाया गेला. त्याच्या आदल्या वर्षी आम्ही थायलंडमध्ये दोन बेटे केली, तेव्हा बोट उशिरा होती तरी फलकावर वेळ बदललेली दिसत होती. तेवढ्याच पैशांत माणूस सुखाची अपेक्षा करणारच.

चौकस
वळसा, आपला अनुभव खोटा म्हणण्याचे कारण नाही. फक्त एक निरीक्षण नोंदवतो, कारण मी स्वतः या सापळ्यात अनेकदा अडकलो आहे. परदेशात आपण पाहुणे असतो. तिथे जेवण फिके निघाले तर तो त्यांचा आहार होतो, बस चुकली तर तो किस्सा होतो आणि परत आल्यावर आपण तो रंगवून सांगतो. आपल्या देशात तीच बस चुकली की आपण घरमालकासारखे संतापतो. साडेतीन तासांचा वेळ दोन्हीकडे साडेतीन तासच असतो, पण त्याचा हिशेब दोन वेगवेगळ्या वह्यांत लिहिला जातो.

हवामानाबद्दल मात्र आपल्याशी पूर्ण सहमत आहे. डिसेंबर २०१६ मध्ये चक्रीवादळामुळे हॅवलॉकवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले होते आणि त्यांना आणण्यासाठी नौदलाची जहाजे पाठवावी लागली होती. अंदमानात दोन्ही पावसाळे लागतात, म्हणून डिसेंबर सरेपर्यंत आकाशाचा भरवसा धरू नये. टिपकागद यांनी जानेवारी निवडला आहे हे चांगले आहे, तरीही परतीच्या विमानाआधीची रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढावी. शहरात मुक्काम ठेवण्याचे ते एक अगदी रुक्ष पण भक्कम कारण आहे.

वळसा
वह्यांचा मुद्दा मान्य आहे. पण घरमालक चिडला नाही तर गळके छप्पर दुरुस्त कोण करणार?

अनुस्वार
एक भाबडी शंका. शहराचे नाव आता श्री विजयपुरम झाले आहे ना? मग तिकीट काढताना कोणते नाव शोधायचे?

बारावा_खलाशी
सप्टेंबर २०२४ मध्ये नाव बदलल्याची घोषणा झाली. बोलण्यात अजून पोर्ट ब्लेअरच चालते, आणि विमानतळाचे संकेताक्षर आयएक्सझेड टाकले की नावाचा प्रश्नच उरत नाही. विमानतळ वीर सावरकरांच्या नावाने आहे.

मी नोकरीनिमित्त तीन वर्षे तिथे राहिलो आहे, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो. वळसा यांना जो बाजार तालुक्याच्या गावासारखा वाटला, तो मलाही पहिल्या आठवड्यात तसाच वाटला होता. त्यानंतर माझ्या लक्षात आले की, त्या एका रस्त्यावर बंगाली, तमिळ, तेलुगू, मल्याळी, पंजाबी आणि छोटा नागपूरकडून आलेली, तिथे सरसकट ‘रांची’ म्हणून ओळखली जाणारी माणसे एकमेकांशी हिंदीत बोलत असतात. त्या हिंदीलाही वळण तिथलेच आहे. जे स्वतःला ‘लोकल’ म्हणवतात, त्यांपैकी अनेक जण काळ्या पाण्याच्या शिक्षेवर आलेल्या कैद्यांचे वंशज आहेत. शिक्षा भोगून सुटलेल्या पुरुषांची आणि तिथेच आणलेल्या स्त्री-कैद्यांची लग्ने झाली आणि त्यात जात, प्रांत, भाषा काहीच पाहिले गेले नाही. माझ्या घरमालकांच्या घरात पणजोबा कोणत्या गुन्ह्यासाठी आले, हे कोणी सांगत नसे आणि कोणी लपवतही नसे.

देश आणि परदेश या विषयावर धागा आहे म्हणून आणखी एक सांगतो. तिथली माणसे उरलेल्या भारताला ‘मेनलँड’ म्हणतात. “मेनलँडवरून आलात का?” हा पहिला प्रश्न असतो. जहाज लांबले की भाजी महागते, आणि भाव विचारल्यावर भाजीवाला “मेनलँडवरून माल आला नाही” असे ज्या सुरात सांगतो, त्यात तक्रार नसते, केवळ अंतर असते. चेन्नईहून समुद्राखालची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली. त्याआधी आमचे इंटरनेट उपग्रहावर चाले आणि एक छायाचित्र पाठवून मी जेवायला बसत असे. जेवण आधी संपे.

खडीसाखर
म्हणजे तिथे राहून फुकेतची छायाचित्रे पाहण्यापेक्षा फुकेतला पोहत जाणे सोपे होते.

बारावा_खलाशी
मगरी नसत्या तर नक्की गेलो असतो. विनोद बाजूला ठेवून सांगतो, खाऱ्या पाण्यातील मगरींचे इशाराफलक काही किनाऱ्यांवर आहेत आणि ते शोभेसाठी लावलेले नाहीत. जिथे पोहण्यास मनाई आहे तिथे मुलीला घोटाभर पाण्यातही उतरू देऊ नका.

सांजसमई
मी आई आणि सासूबाईंना घेऊन गेले होते, म्हणून ज्येष्ठांच्या दृष्टीने लिहिते. अंदमानचा दिवस आपल्या घड्याळात बसत नाही. प्रमाणवेळ एकच असली तरी ते शहर मुंबईच्या जवळजवळ वीस रेखांश पूर्वेला आहे, म्हणजे सूर्य सुमारे एक तास वीस मिनिटे आधी चालतो. जानेवारीत सव्वापाच-साडेपाचला सूर्य मावळतो. आम्ही पहिल्या दिवशी दुपारी झोप काढून चहा घेऊन चिडिया टापूला सूर्यास्त पाहण्यासाठी निघालो आणि अंधार पाहून परत आलो. दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला उठू लागलो. तसेही आई आणि सासूबाई पाचलाच उठतात, त्यामुळे प्रथमच सगळ्या सहलीचे वेळापत्रक त्यांच्या मनासारखे झाले.

जेलमध्ये सावरकरांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर अगदी टोकाला आहे. पायऱ्या चढाव्या लागतात आणि नंतर लांबलचक ओटीवरून चालावे लागते. सासूबाईंचे गुडघे दुखत असल्याने आम्ही प्रत्येक मजल्यावर थांबलो. कोठडीपाशी पोहोचलो तेव्हा महाराष्ट्रातूनच आलेला एक मोठा गट समूहाने गाणी म्हणत होता, घोषणा देत होता. त्यांच्या भावनेबद्दल मला आदर आहे, तरी त्या आवाजात आईला तिथे दोन मिनिटे शांत उभे राहता आले नाही. माणसाला एकटे ठेवण्यासाठीच बांधलेल्या जागी एकटेपणाच अनुभवता येऊ नये, हे मला विचित्र वाटले.

मेघडंबरी
सांजसमई, मी तशाच एका गटात होतो, म्हणून उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. आमच्यातल्या अनेकांनी आयुष्यभर ज्या जागेबद्दल ऐकले, तिथे पोहोचल्यावर कंठ दाटून येतो आणि एकट्याने रडण्यापेक्षा सर्वांनी मिळून गाणे सोपे जाते. परंतु आपला मुद्दा मला परतल्यावर पटला. ४ जुलै १९११ रोजी सावरकर तिथे पोहोचले. त्यांचे थोरले बंधू बाबाराव त्याच तुरुंगात आधीपासून होते. दोन भाऊ एका कुंपणात असूनही दूर, हे समजण्यासाठी ती ओटी रिकामी हवी.

आणखी एक विनंती आहे. महाराष्ट्रातून जाणारे आपण बहुतेक जण एकच कोठडी पाहून उतरतो. तिथे क्रांतिकारक बारींद्र घोष होते, उल्हासकर दत्त होते, पुढच्या काळात बटुकेश्वर दत्त होते. १९३३ च्या उपोषणात महावीर सिंह आणि त्यांच्यासह आणखी दोघांचा बळजबरीने अन्न घालण्याच्या प्रयत्नात मृत्यू झाला. खाली स्मारकावर नावे आहेत. ती वाचायला अर्धा तास द्या.

चौकस
मेघडंबरी यांच्या विनंतीला जोडून सांगतो. जपानी काळाकडेही लक्ष द्यावे. मार्च १९४२ ते ऑक्टोबर १९४५ ही बेटे जपानच्या ताब्यात होती. ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, हे सर्वांना ठाऊक असते. त्यानंतर बरोबर एक महिन्याने, ३० जानेवारी १९४४ रोजी, शहराजवळच्या हंफ्रीगंज येथे जपान्यांनी हेरगिरीच्या संशयावरून ४४ स्थानिकांना गोळ्या घातल्या, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. तिथे स्मारक आहे आणि सहलींच्या गाड्या सहसा तिकडे वळत नाहीत. चॅथमची सरकारी सॉ मिल, म्हणजे लाकूड कापण्याची गिरणी, मात्र अवश्य पाहा. ती १८८३ पासूनची आहे आणि आवारात जपानी बॉम्बने पडलेला मोठा खड्डा राखून ठेवला आहे. लाल पडौकाच्या लाकडाचा वास मला अजून आठवतो.

पायवाट
बाराटांग बेटावरच्या चुनखडी गुहांचे कोणीच लिहिले नाही. खारफुटीतून जाणारी ती होडी आमच्या सहलीतला सर्वांत सुंदर तास होता. मात्र पहाटे तीनला निघावे लागते.

कुंपणाबाहेर
पायवाट, गुहा सुंदर असतील, पण तिथे जाणारा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो आणि माझा आक्षेप त्याला आहे. २०११ च्या जनगणनेत जारवांची संख्या ३८० होती. जिरकाटांगच्या नाक्यापासून गाड्या पोलिसांसह ताफ्याने सोडतात, थांबण्यास, छायाचित्रे काढण्यास, काही देण्यास मनाई आहे, हे सर्व नियम आहेत. तरीही आमच्या गाडीचा चालक प्रवाशांना “नशीब असेल तर दिसतील” असे हळूच सांगत होता आणि सगळे खिडकीला नाक लावून बसले होते. त्यात मीही होतो. एक स्त्री रस्त्याच्या कडेला उभी होती. तिने आमच्याकडे पाहिले, तेव्हा मी मान फिरवली, पण तोपर्यंत पाहून झाले होते. परदेशात अशा सहली चालतात असे ऐकून आपण नाक मुरडतो.

बारावा_खलाशी
आपल्या संकोचाबद्दल आदर आहे. फक्त हे लक्षात असू द्या की, तोच रस्ता मध्य आणि उत्तर अंदमानातल्या लोकांचा दवाखान्याचा आणि शाळा-कॉलेजचा रस्ता आहे, त्यामुळे तो बंद करा असे एका ओळीत म्हणता येत नाही. पर्यटकाने जाऊ नये, हे म्हणता येते, आणि मी माझ्या पाहुण्यांना तेच सांगत असे.

पायवाट
हे वाचून अस्वस्थ झालो. आम्हांला कोणी दिसले नव्हते आणि त्याचे वाईट वाटले होते, हे आज लिहिताना लाज वाटते.

लिंबोणी
मूळ प्रश्नाकडे येते. मी मॉरिशसला जाऊन आले आहे आणि नंतर अंदमानला, त्यामुळे बेटावरची दोन बंदर-शहरे मला शेजारी ठेवून पाहता आली. पोर्ट लुईमध्ये आप्रवासी घाट आहे. १८३४ पासून करारावर आणलेले मजूर तिथे उतरत. जवळजवळ पाच लाख माणसे त्या घाटावरून गेली आणि त्यांत आपल्या कोकणातलेही होते. त्यांच्या वंशजांत आज मराठी शिकवली जाते आणि गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. त्या दगडी पायऱ्यांपाशी उभी असताना मला परदेशात असल्यासारखे वाटले नाही, आणि पोर्ट ब्लेअरच्या बाजारात लोक “मेनलँड” म्हणू लागले तेव्हा मी देशातच आहे का असा क्षणभर प्रश्न पडला. तेव्हा टिपकागद, शिक्का कुठे मिळतो यावरून घर आणि परके ठरत नाही. आपल्या घरात जो विषय जिवंत आहे, त्या ठिकाणी आधी जा. आपल्या घरात तो विषय त्र्याहत्तर वर्षांचा आहे आणि त्याचे गुडघे अजून चालत आहेत.

गणिती
व्यवहाराची एक बाजू राहिली. आयकरातील प्रवास-सवलत, म्हणजे एलटीए, देशांतर्गत प्रवासालाच लागू होते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना तर एलटीसीवर, म्हणजे त्यांच्या रजा-प्रवास सवलतीवर, अंदमानला विमानाने जाण्याची विशेष सवलत अनेक वर्षे मिळत आली आहे. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ घेतलेला कर, कापला जातो. तो विवरणपत्रात वळता होतो हे खरे, पण पैसे तोवर अडकतात. टिपकागद यांनी हिशेब पुन्हा मांडावा.

खडीसाखर
देशप्रेम, इतिहास आणि एलटीए. त्रिवेणी संगम झाला.

वळसा
आता मीही थोडा नमतो. मी त्या बोटीच्या रागात शहराला गुण कमी दिले. रॉस बेट मी पाहिलेच नाही, कारण वाया गेलेला दिवस त्याचाच होता. तरीही माझा सल्ला कायम आहे. बोटींची वेळापत्रके आदल्या दिवशी स्वतः तपासा, हॅवलॉकला जाताना पुरेशी रोख रक्कम जवळ ठेवा, आणि किनाऱ्यावरचे शंखशिंपले किंवा प्रवाळ पिशवीत टाकू नका. विमानतळावर सामान तपासतात आणि माझ्या मुलाच्या हातून एक प्रवाळाचा तुकडा काढून घेतला गेला. तो नियम योग्य आहे, एवढे मात्र मी घरमालक म्हणून मान्य करतो.

टिपकागद
सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री हा धागा घरी मोठ्याने वाचून दाखवला. कडीच्या खोबणीचा भाग वाचला तेव्हा वडील काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त आपला हात लांब करून पाहिला. मुलीने तो परिच्छेद नंतर स्वतः पुन्हा वाचला.

ठरले ते असे. पोर्ट ब्लेअरला चार मुक्काम, दोन आधी आणि दोन परतताना, मध्ये स्वराज द्वीप, म्हणजे हॅवलॉक, तीन रात्री. बाराटांग वगळले आहे. हंफ्रीगंजला जाणारी गाडी वेगळी ठरवावी लागेल, ती ठरवू. मुलीने होकार दिला आहे, परंतु पुढच्या वर्षीचे ठिकाण ती निवडणार, अशी लेखी कबुली माझ्याकडून घेतली आहे.

सांजसमई, एकच विचारायचे राहिले. जेल सकाळी किती वाजता उघडते त्याची चौकशी मी करतोच, पण वडिलांना त्या तिसऱ्या मजल्यावर शांतपणे उभे राहता यावे यासाठी आधी वर जावे की खालचे संग्रहालय पाहून मग वर जावे?

सांजसमई
दार उघडताच थेट वर जा. संग्रहालय सगळे गट आधी पाहतात. तेवढ्या अर्ध्या तासात ती ओटी आपली असते. जाताना त्यांच्यासाठी पाण्याची बाटली घ्या आणि प्रत्येक मजल्यावर थांबा.

खडीसाखर
लेखी कबुलीवर कोणाची साक्ष आहे?

टिपकागद
आजोबांची.